ठिपक्या गेल्यानंतर भिंगरी घरात आली

आमचा कुत्रा ठिपक्या गेला तेव्हा ज्यानं त्यानं आम्हाला एकच सांगितलं, लगेच दुसरं पिल्लू आणा म्हणजे विसर पडेल. सांगणारे सगळे मायेनंच सांगत होते पण मला दरवेळी आतून तुटायचं, कारण विसर कुणाला पाडायचा होता? २०११ च्या पावसाळ्यात साताऱ्यात आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या जिन्याखाली भिजत बसलेलं एवढंसं पिल्लू, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका, म्हणून ठिपक्या. माझी लेक तेव्हा रांगत होती. ती त्याला धरून उभं राहायला शिकली. आता ती एवढी मोठी झाली आणि तिला घरात ठिपक्या नाही असा एकही दिवस आठवत नव्हता, तिला काय सांगणार होते मी, विसर म्हणून?

त्याला किडनीचा त्रास झाला. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे फार कॉमन आहे म्हणून लिहितेच, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सुरुवात पाण्यापासून झाली, त्याचं पाण्याचं भांडं आधी दिवसातून दोनदा भरायचो ते सारखंच रिकामं दिसायला लागलं, लघवीही तेवढीच, आणि आम्हाला वाटलं उन्हाळा आहे म्हणून पितोय. मग वजन उतरलं, तोंडाला वास यायला लागला, खाण्यावरचं मन उडालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन सहाच्या वर, आणि कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असायला पाहिजे. किडनी तीन चतुर्थांश निकामी होईपर्यंत रक्तात हा आकडा वाढतच नाही असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून कुत्रं सात-आठ वर्षांचं झालं की वर्षातनं एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या, कुत्रं ठणठणीत दिसत असलं तरी घ्या.

पुढं घरीच सलाईन द्यायला शिकलो. शिरेतून नाही, मानेच्या मागं कातडी उचलून तिच्याखाली सुई घालायची, बाटली झोपाळ्याच्या कडीला अडकवायची, पाठीवर पाण्याचा फुगा येतो तो हळूहळू जिरतो. नवरा बाटली धरायचा, मी सुई, लेक त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. एवढं टोचूनही तो कधी गुरगुरला नाही. आषाढात गेला, घरीच, पहाटे. कोरेगावकडं आमचं शेत आहे तिथं आंब्याखाली खोल खड्डा काढून पुरलं, वर दगड रचले.

त्यानंतरचं घर म्हणजे काय सांगू. आवाजच गेले घरातले. गेट वाजलं की भुंकणं नाही, कुकरची शिट्टी झाली की फरशीवर नखांची टकटक नाही. आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या पोळ्या झाल्या की उरलेल्या कणकेची शेवटी एक चानकी लाटतात, ती ठिपक्याची. तो गेल्यावरही त्या चानकी लाटत राहिल्या. एवढी वर्षं हाताला लागलेली सवय, लाटून झाली की तशीच तव्यावर टाकायच्या आणि मग ती ताटात पडून राहायची. मी दोन-चारदा ती गुपचूप खाल्ली, त्यांच्या नजरेला नको म्हणून.

माझ्या नवऱ्यानं तर जाहीरच केलं होतं की आता परत नाही. एवढं जीव लावायचं आणि मग असं बघायचं, माझ्यानं होणार नाही, असं म्हणाला आणि सकाळी चार भिंतीच्या टेकडीपर्यंत फिरायला जायचा तेही बंद केलं, कारण त्या वाटेवर सगळे विचारायचे की आज एकटेच? मला त्याचं पटत होतं. मला पिल्लू हवंही होतं आणि हवं असण्याचीच चीड पण येत होती, ठिपक्याची गादी अजून धुतलेली नाही आणि मी मोबाईलवर पिल्लांचे फोटो बघतेय, असं.

बदल झाला तो पितृपक्षात. सासऱ्यांच्या तिथीला पान वाढलं की गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास वेगळा काढतात, आमच्याकडं कुत्र्याचा घास तेरा वर्षं ठिपक्याच खायचा, वडा आधी, खीर मग. त्या वर्षी आईंनी घास काढला आणि ताटली हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाला गेल्या, तिथं अर्धवट बांधलेल्या घरापाशी एक तांबूस कुत्री असायची, तिला घातला. दुसऱ्या दिवशी चानकी घेऊन परत गेल्या. मग रोजच जायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळापर्यंतही न जाणारी बाई, पण एका चानकीसाठी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायची. आईंनीच आधी ओळखलं की कुत्री गाभण आहे.

कुत्रीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांचे असतात. रस्त्यावरची बहुतेक कुत्री पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि मग दिवाळीनंतर थंडीत सगळीकडं पिल्लंच पिल्लं दिसतात, तसंच झालं, वाळूच्या ढिगाच्या आडोशाला तांबडीला पिल्लं झाली. पोती टाकली, वरून पत्रा लावला, आणि हे सगळं कुणी केलं तर माझ्या नवऱ्यानं, ज्याला परत कुत्रं नको होतं. मी एक शब्द बोलले नाही.

मधल्या काळात ओळखीच्यांनी दोन ठिकाणं सुचवली होती तीही सांगते. जतकडच्या पाहुण्यांनी कारवानचं पिल्लू देतो म्हणून फोन केला, देखणी जात, पण ती माळरानावर पळणारी शिकारी कुत्री, आमच्या चार खोल्यांत तिचे हाल झाले असते. आणि एके ठिकाणी लॅब्राडोर बघायला गेलो तर पिल्लू जेमतेम महिन्याचं, डोळे नीट स्थिर झालेले नाहीत, आणि तो माणूस म्हणतो आजच घेऊन जा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं बंदी आहे, २०१७ चे नियम आहेत तसे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या वयात आई आणि भावंडांकडूनच पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं चावरं, भित्रं होतं, ह्याचे अनुभव आमच्याच गल्लीत आहेत. आम्ही हात जोडून बाहेर पडलो, लेक स्कूटरवर रडत होती त्या पिल्लासाठी.

तांबडीच्या पिल्लांपैकी एक रिक्षाखाली गेलं, एक थंडीत सकाळी उठलंच नाही. रस्त्यावरच्या पिल्लांचं हे असंच असतं, पोटात कालवतं. उरलेल्यांसाठी आम्ही घरं शोधली, बांधकामाच्या वॉचमननं एक ठेवलं, एक लेकीच्या मैत्रिणीच्या मळ्यावर गेलं. आणि एक मादी, आईसारखीच तांबूस, स्वतःच्या शेपटीमागं गरागरा फिरायची, तिचं नाव आईंनी केव्हाच भिंगरी ठेवून टाकलं होतं. नाव ठेवलं की संपलंच ना. नवऱ्यानं एका रात्री जेवताना मान खाली घालूनच विचारलं, दोन महिन्यांची कधी होतेय ती?

आणायच्या आधी आमच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आधीचा कशानं गेला? त्यांना ठिपक्याचं सगळं माहीत होतं पण हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात म्हणे. कारण आधीचं कुत्रं पार्व्होनं गेलं असेल तर तो व्हायरस अंगणात, मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, वर्षभरसुद्धा, आणि साध्या फिनाईलनं किंवा सॅनिटायझरनं मरत नाही. त्याला ब्लीचच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आधी फरशी साबणानं स्वच्छ धुवायची आणि मग हे पाणी निदान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आमच्याकडं तो प्रश्न नव्हता. पण गोचिडाचं त्यांनी बजावलं, कुत्र्याची गोचीड नुसती अंगावर नसते, ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारांनी अंडी घालते आणि काही न खाता महिनोन्‌महिने दबा धरून बसते. जिन्याखालची जागा, ठिपक्याची लाकडी पाट असलेली कोपऱ्यातली जागा, सगळ्या फटी सिमेंटनं बुजवल्या.

आणि मग ती गादी. ठिपक्याची गादी मी शेवटी धुतली, उन्हात घातली, आणि दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बसले. भिंगरीला नवीन गादी घेतली. पट्टा पण नवीन. ठिपक्याचा पट्टा आणि त्याचं स्टीलचं भांडं देवघराच्या शेजारच्या कपाटात आहे. हे ज्याचं त्यानं ठरवावं, माझ्या नणंदेनं तिच्या नव्या कुत्र्याला जुनाच पट्टा घातला आणि तिला त्यात समाधान आहे, मला मात्र त्याचा पट्टा दुसऱ्या गळ्यात बघवला नसता.

जानेवारीत ती आली. आईचं दूध तोवर आपोआप तुटलं होतं. पहिली लस तिला वाळूच्या ढिगापाशीच देऊन घेतली होती, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, चार महिन्यांची होईपर्यंत. ठिपक्याच्या वेळी मला कधी कळलं नव्हतं की तीच लस परत परत का देतात. कारण असं की आईच्या चिकातून पिल्लाला जी ताकद मिळते ती पहिले काही आठवडे त्याला सांभाळते पण तीच ताकद लसीलाही निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून टप्प्याटप्प्यानं द्यायची म्हणजे एक तरी बरोबर वेळेला लागू पडते. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, कारण जंत आईच्या पोटातूनच पिल्लात आलेले असतात.

पहिल्या रात्री ती जी रडली, अख्खी गल्ली जागी. आई म्हणाल्या बाहेर ठेवू नका तिला, आणि मी माझ्या पलंगाला लागून एका खोक्यात ठेवलं, हात खाली सोडून झोपले. हे मी सगळ्यांना सांगते, पहिले काही दिवस पिल्लाला एकटं कोंडू नका, ते आजवर भावंडांच्या ढिगात झोपलेलं असतं. हाताला तिचा श्वास लागत होता आणि मला झोप येईना कारण तो श्वास फार भरभर होता. ठिपक्याचा शेवटी शेवटी संथ, जड श्वास माझ्या कानात बसलेला, आणि हे एवढंसं इंजिन. मी रात्रभर रडले. आनंद की दुःख ते मला तेव्हाही कळलं नाही.

शी-शूचं थोडक्यात सांगते. उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, आणि बाहेर केलं की लगेच तिथल्या तिथं शाबासकी आणि खाऊ. घरात केलं तर न बोलता पुसायचं. नाक जमिनीला घासणं, मारणं हे जुने लोक करायचे, त्यातून पिल्लू फक्त एवढं शिकतं की ह्या माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागं जाऊन करतं.

ती येऊन जेमतेम आठवडा झाला असेल नसेल, वॉचमनकडचं पिल्लू आजारी पडलं. उलट्या, मग रक्ताची हगवण, त्याचा तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. पार्व्हो. दोन दिवसांत गेलं बिचारं. आणि भिंगरी त्याच ढिगावर वाढलेली. डॉक्टर म्हणाले लस दिलेली आहे पण एका डोसवर खात्री देता येत नाही, दोन आठवडे डोळ्यात तेल घालून बघा, खाणं सोडलं, मरगळली, उलटी झाली की थांबू नका, लगेच या. आणि चौथ्या दिवशी रात्री तिनं उलटी केली.

नवरा स्कूटर काढून तयार, मी तिला शालीत गुंडाळून मागं बसले, थंडी मी म्हणत होती, डॉक्टरांना फोन करून दवाखाना उघडायला लावला. टेबल तेच. ठिपक्याचं शेवटचं वजन ज्या काट्यावर केलं तोच काटा. डॉक्टरांनी गुदद्वारातून कापसाच्या काडीवर नमुना घेतला, ती पट्टी असते तसली टेस्ट, दहा मिनिटं थांबायचं. एक रेष आली की निगेटिव्ह, दोन आल्या की पार्व्हो. पार्व्होला थेट औषध नाही, सलाईन लावून अंगातलं पाणी टिकवायचं, उलट्या थांबवायच्या, दुसरं इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि पिल्लाच्या अंगानं लढायचं, बास. ती दहा मिनिटं नवरा पट्टीकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. हाच माणूस म्हणाला होता माझ्यानं परत होणार नाही.

एकच रेष आली. उलटीत लांब पांढरे जंत होते, औषधानं बाहेर पडत होते. तरी डॉक्टरांनी दोन दिवसांनी परत टेस्ट केली कारण सुरुवातीला ती कधी कधी चुकीची निगेटिव्ह येते. तीही स्वच्छ.

घरी आलो तेव्हा पहाट होत आली होती. आणि चहा टाकताना माझ्या लक्षात आलं की त्या अख्ख्या रात्रीत मला ठिपक्या एकदाही आठवला नव्हता, टेबल बघितलं तेवढंच. सहा महिन्यांत पहिल्यांदा. फार लागलं ते मला, मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आई आल्या, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, अगं लेकरू आजारी असलं की दुसरं काही आठवत नसतं, तुझी लेक तापानं फणफणली होती तेव्हा तू ठिपक्याला दोन दिवस विचारलं नव्हतंस, तो रुसला होता का? मला ते आठवतच नव्हतं. त्यांना आठवत होतं.

आणि मग हळूहळू मलाही आठवायला लागलं. ह्याची मला काहीच कल्पना नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. मी ज्या ठिपक्यासाठी रडत होते तो म्हातारा ठिपक्या होता, शहाणा, एका नजरेत समजणारा, झोपाळ्याखाली पाय ताणून झोपणारा. पिल्लू ठिपक्या माझ्याकडं उरलाच नव्हता. भिंगरी चार महिन्यांची झाली, दुधाचे दात पडायला लागले, जे दिसेल ते चावायची, चप्पल, झाडूच्या काड्या, लेकीच्या वह्या, आणि नवरा एकदम म्हणाला, ठिपक्यानं माझ्या ऑफिसची अख्खी फाईल फाडली होती आठवतंय का? आणि लागलं की मग सगळं यायला. त्यानं दिवाळीच्या करंज्या पळवलेल्या, नळीत अडकलेलं डोकं, वटपौर्णिमेचा गुंडाळलेला दोरा सोडवत वडाभोवती उलटा पळत सुटलेला तो. वर्षानुवर्षं हे कुणी काढलं नव्हतं. आजारपणाचे ते शेवटचे महिने सगळ्यावर पसरून बसले होते, ते भिंगरीनं बाजूला सारले.

तुलना होतेच, ती थांबवायच्या फंदात मी पडले नाही. ठिपक्या फटाक्यांना घाबरायचा, ही नाही. त्याला पेरू आवडायचा, ही थुंकते. तिच्यासमोर चुकून तोंडातून ठिपक्या अशी हाक जाते, ती येते, तिला काय, आवाज आपलाच असतो. माणसांची सवय लागावी म्हणून पूर्ण लसी व्हायच्या आधीच तिला झोळीत घालून राजवाड्याच्या चौपाटीवर नेत होतो, जमिनीवर ठेवायचं नाही पण गाड्या, भेळवाले, पोरं, घोड्याचा टांगा सगळं बघू द्यायचं, कारण साधारण साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं त्याची भीती जाते, नंतर शिकवणं फार अवघड. खाण्यात आईंशी थोडं बोलावं लागलं, दूध-पोळी बंद कारण गाईच्या दुधानं तिला पातळ व्हायचं, आणि प्रसादातल्या मनुका अजिबात नाहीत, मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. किडनी म्हटल्यावर आईंनी एका शब्दानं वाद घातला नाही, मनुकांचा डबा वरच्या फळीवर गेला. चानकी चालू आहे. रोज दोन लाटतात आता, एक भिंगरीची, एक तांबडीची.

तांबडीचं ऑपरेशन पिल्लं सुटल्यावर करून घेतलं, कानाला खूण केलेली आहे, गल्लीच्या टोकाला मजेत असते. दोघी गेटमधून एकमेकींना हुंगतात, ओळखतात का माहीत नाही, पण तांबडी दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला एवढं जवळ येऊ देत नाही.

आता भिंगरीचंही ऑपरेशन ठरलंय, डॉक्टरांनी पावसाचा जोर कमी झाला की करू म्हणून सांगितलंय, म्हणजे टाके लवकर सुकतील. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं, पाणी सकाळपर्यंत चालेल. नवऱ्यानं ऑफिसात रजा टाकून ठेवलीय. आणि आईंनी मला विचारून घेतलंय की शुद्धीवर आल्यावर किती तासांनी खायला द्यायचं, त्या हिशोबानं त्या कणीक मळणार आहेत.